हवा आणि हवामान : कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे : "जानेवारीत दोन दिवस आभाळ आले की 'सोलापूरचे हवामान बदलले' असे वाचायला मिळते. हवामान बदल म्हणतात तो हाच का? हवा, हवामान आणि वातावरण यांत नेमका फरक काय?"

तो हा नव्हे. शाळेच्या भूगोलात हा फरक सरळ सांगितलेला असतो. एखाद्या ठिकाणची त्या त्या वेळची स्थिती, म्हणजे ऊन, ढग, वारा, दमटपणा, पाऊस, ही झाली हवा. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून त्या प्रदेशाची जी सरासरी स्थिती ठरते ते हवामान. जागतिक हवामान संघटना या सरासरीसाठी सलग 30 वर्षांच्या नोंदी धरते. सध्या 1991 ते 2020 हा काळ धरतात. पाऊसमान, दिनमान, आयुर्मान या शब्दांतला 'मान' इथेही तेच काम करतो.

लिहिताना मी एक कसोटी लावतो. वाक्याला तारीख लागत असेल तर ती हवा. तारखेवाचून, नुसत्या गावाच्या नावावर वाक्य खरे ठरत असेल तर ते हवामान. 'सोलापूरचे हवामान कोरडे आहे' हे वाक्य परतीचा पाऊस धो धो कोसळत असतानाही खरेच असते. 'काल हवा कुंद होती' हे मात्र फक्त कालपुरते.

सोलापूर-सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. डाळिंब इथे रुजले ते कोरड्या हवामानामुळे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. पण त्याच बागेत चार दिवस ढगाळ, दमट हवा राहिली आणि वर पावसाची भुरभुर झाली की तेल्या पसरतो. जिवाणूंमुळे होणारा हा रोग. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळ तडकते. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून पुष्कळजण ऐन पावसाळ्यात फळ वाढवणारा मृग बहार टाळून पावसाळा सरताना फुलणारा हस्त बहार धरतात. बहार धरतात तो हवामान पाहून, फवारणी करतात ती हवा पाहून. यापेक्षा नेमका भेद मला तरी सांगता येणार नाही.

ज्वारीचेही तसेच. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हवामानाचे ज्ञान. यंदा स्वाती पडल्या का, म्हणजे त्या नक्षत्रात पाऊस झाला का, हा प्रश्न हवेचा. सोलापूर पर्जन्यछायेत येते, सप्टेंबरचा पाऊस इथे मोठा, आणि त्या ओलीवर काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा राहतो. हे सगळे हवामान.

उष्णतेची लाट ठरवताना तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश आणि किनाऱ्यावर निदान 37 अंश हवे, शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त हवे. (45 अंश गाठले तर मैदानी भागात सरासरी न पाहताही लाट धरतात.) सोलापुरात मे महिन्याची सरासरीच 40 च्या आसपास, म्हणून 42 अंशांनी अंगाची लाही झाली तरी ती लाट ठरत नाही, रत्नागिरीत मात्र 38 अंशांनाही ठरू शकते. आजची हवा किती वेगळी, हे तिथल्या हवामानाशी ताडूनच कळते.

मग घोटाळा का होतो? 'हवा' या शब्दावर ओझे फार आहे. श्वासात घेतो ती हवा, चाकात भरतो ती हवा, 'गार हवा सुटली' म्हणताना वारा. त्यामुळे रोजच्या स्थितीसाठीही लोक 'हवामान' म्हणू लागले, आणि 'हवामानाचा अंदाज' तर आता पक्काच रुळला आहे. तो कुणी बदलू नये. सोबत 'आजचे' किंवा 'या आठवड्याचे' असे काही असले की अर्थ कळतो. 'वातावरण' म्हणजे पृथ्वीभोवतीचे वायूंचे आवरण. 'ढगाळ वातावरण' रूढ आहे, चालू द्यावे. पण 'सोलापूरचे वातावरण उष्ण व कोरडे' असे लिहू नये, तिथे हवामानच हवे. 'जलवायू' हिंदीतून येतो. बोलण्यात आपल्याकडे 'हवापाणी' आहेच, 'इथले हवापाणी मानवले' म्हणतो तसे.

एका शब्दाबाबत मात्र मी आग्रही आहे. 'हवामान बदल' म्हणजे ती दीर्घकाळची सरासरीच सरकणे. जानेवारीतल्या दोन ढगाळ दिवसांना तो शब्द लावू नये. तिथे 'सोलापुरात ढगाळ हवा' किंवा 'हवेत बदल' एवढे पुरते.