डायनोसॉर कशामुळे संपले, उल्केमुळे की आपल्या दख्खनच्या ज्वालामुखीमुळे?

बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल उल्केला आहे, आणि मलाही तेच पटतं. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी सुमारे 10 किलोमीटर रुंदीची अशनी मेक्सिकोच्या युकातान भागात आदळली. धूळ-काजळीने सूर्य झाकला गेला, झाडोरा वाळला, मग शाकाहारी गेले, पाठोपाठ मांसाहारी. पुरावा म्हणजे इटलीतल्या गुब्बियोपासून जगभर अनेक ठिकाणी सापडणारा चिकणमातीचा पातळ थर. त्यात इरिडियम नावाचा धातू भरपूर आहे, जो पृथ्वीच्या कवचात एरवी फारच दुर्मिळ, पण अशनींमध्ये बराच जास्त असतो.

दख्खनचा लाव्हा त्या आघाताच्या आधीपासून वाहत होता आणि नंतरही वाहत राहिला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे तेच थर. त्यातल्या वायूंनी हवामान बिघडवलं असणार, पण नेमकं किती, यावर भांडण अजून चालूच आहे.

गंमत म्हणजे डायनोसॉर विदर्भातही होते! चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला दगड झालेली विष्ठा सापडते, बहुधा त्या लांब मानेच्या अगडबंब शाकाहाऱ्यांची. 2005 साली तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश मिळाले. तोवर गवत इतकं जुनं असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

आणि हो, सगळेच संपले असंही नाही. पक्षी त्यांचेच वंशज.