घरात कापूस, मोरीत रॉड, खाटेखाली शेगडी : थंडीत गावाकडच्या घराला आग लागू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा : आई-वडील गावी दोघंच राहतात, भाव येईल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलाय आणि थंडी पडली की रॉड, हीटर, शेगडी सगळंच सुरू होतं. तुम्ही पुण्यात. काळजी वाटते, नेमकं काय करायला सांगू?

मी सेलू तालुक्यात चौदा वर्षांपासून घरांची लाइट फिटिंग करतो. तुमची काळजी फुकाची नाही. पावसाळ्यात ना कापूस घरात असतो, ना शेगडी. थंडीत दोन्ही एकाच छपराखाली येतात. आणि हे मी दुसऱ्याचं ऐकून सांगत नाही, आमच्याच घरात झालंय.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात. मधल्या खोलीत दहा-बारा क्विंटल कापूस होता. खोली उन्हाळ्यात रिकामी असताना कमरेएवढ्या उंचीवर बोर्ड मीच बसवलेला. त्यात एक्स्टेंशनची पिन खोचलेली, वायर दारातून मोरीपर्यंत. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस येत गेला, ढीग चढत गेला आणि बोर्ड त्यात बुडाला. कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. (वायरमनच्या घरची वायरिंग गावात सगळ्यात वाईट असते, खोटं वाटत असेल तर कुणाच्याही घरी जाऊन बघा.) आई रोज पहाटे मोरीतल्या बादलीत रॉड टाकायची. त्या दिवशी साडेचारला तिनं मला उठवलं, ‘चिंधी जळाल्यासारखा वास यायलाय रे.’ ज्वाळ कुठंच नव्हती. ढिगात हात घातला तर बोर्डाजवळ पोळला.

मेन स्विच पाडला, चार-पाच घागरी ओतल्या, काळा पडलेला कापूस उपसला आणि झालं म्हणून चहा प्यायलो. दुपारी दोनला ढिगाच्या पोटातून परत धूर.

कापसाचं असंच असतं. वरचा मोकळा कापूस भुर्रकन पेटतो, पण दाबून भरलेला आतल्या आत धुमसत राहतो. शिवाय कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणासारखा थर असतो, पाणी वरूनच ओघळून जातं. म्हणून ठिणगी पडली असेल तर नुसतं पाणी ओतून झोपू नका. सगळा ढीग अंगणात काढायचा, पसरायचा, आत हात घालून बघायचा, पुढचे दोन दिवस लक्ष ठेवायचं. आम्ही तो दुपारनंतर काढला, तोवर तीन क्विंटल गेला होता.

आता बोर्ड का तापला ते सांगतो, कारण तुमच्या घरीही तेच असणार. रॉड साधारण 1500 वॅटचा. 230 व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर ओढतो. घरातलं साधं सॉकेट 6 अँपिअरचं. त्यात पिन ढिली असली की तिथंच गरम होतं, प्लॅस्टिक मऊ पडतं, मग ठिणग्या. एमसीबी (मेनबोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडेल असं लोकांना वाटतं. आमची पडली नाही. एमसीबीला जास्तीचा लोड आणि शॉर्ट कळतो, ढिली पिन कळत नाही. जुन्या घरात एमसीबीच नसते, किटकॅट म्हणजे तार घालायचा चिनीमातीचा फ्यूज असतो, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात कुणीतरी जाडजूड तार घालून ठेवलेली असते. ती आधी काढायला लावा.

रॉडसाठी, हीटरसाठी 16 अँपिअरचं मोठं सॉकेट, मेनपासून वेगळी अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर, मध्ये एक्स्टेंशन नाही. एवढं काम अर्ध्या दिवसाचं. तोवर वडिलांना एक करायला सांगा : रॉड दहा मिनिटं चालला की बटण बंद करून, पिन काढून तिला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर ते सॉकेट वापरायचं नाही.

आणि लाइट गेल्यावर बटण बंद करायची सवय. पहाटे लाइट जाते, आई रॉड बादलीतून काढून खाटेवर नाहीतर पोत्यावर ठेवते, बटण तसंच चालू. तासाभरानं लाइट येते तेव्हा दोघंही शेतात असतात.

शेगडीचं थोडक्यात. परभणीकडं पारा पाच-सहावर आला की म्हातारी माणसं घमेल्यात निखारे घेऊन खाटेखाली ठेवतातच, भांडून उपयोग नाही. पण गोधडीची कड खाली लोंबते. आणि दारं-खिडक्या लावून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस झोपेतच जातो. आग लागायचीही गरज नाही. शेकायचं ते अंगणात किंवा दार उघडं ठेवून, आणि झोपायच्या आधी घमेलं बाहेर. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत असतो, तेव्हा ती राख पाणी मारल्याशिवाय उकिरड्यावर टाकायची नाही, कारण उकिरड्याशेजारीच कडब्याची गंजी असते.

पाणी तापवायचा बंब असेल तर खालच्या जाळीतून निखारे पडतात. त्याच्या बाजूलाच कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचायची सगळ्यांना खोड आहे, हाताशी राहतात म्हणून. एक बंब नीट सांभाळला नाही की दुसरा बंब बोलवावा लागतो, आणि तो तालुक्याहून येईपर्यंत माळवदाच्या तुळया पेटलेल्या असतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या मागच्या भिंतीपासून दूर, शक्यतो गोठ्यापासूनही दूर.

गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, फोन बाहेर येऊन. गळतीसाठी 1906, आगीसाठी 101 किंवा 112. हे नंबर मोबाइलमध्ये नको, भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहा. धुरात कुणाला चष्मा सापडत नाही.

कापूस ज्या खोलीत आहे तिथला बोर्ड बंदच करता येतो का, ते आधी बघा. वडिलांना मेनबोर्डचा आणि रॉडच्या सॉकेटचा फोटो काढून पाठवायला सांगा आणि इथं टाका. वायर दिसली की सांगतो काय बदलायचं.