परजीवींचा आरएनए आणि औषधांचा शोध

प्रश्न : परजीवींच्या आरएनएवरील प्रक्रिया रोखणारी औषधे शोधण्यासाठी प्रयोगशाळेत हजारो रसायने तपासतात, असे वाचले. आरएनए तर आपल्या पेशींतही असतो. मग अशा औषधाने रुग्णालाच अपाय होणार नाही का? आणि एवढ्या रसायनांतून नेमके रसायन ओळखतात कसे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे; किंबहुना संशोधकही आधी हाच विचार करतात. निद्रारोग, काळा आजार आणि चागास रोग यांच्या परजीवींच्या तंतुकणिकेत (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात) आरएनएच्या कित्येक संदेशांमध्ये युरिडिन हे घटक घातले किंवा काढले जातात आणि त्यानंतरच त्या संदेशांपासून योग्य प्रथिन तयार होऊ शकते. १९८६ साली उजेडात आलेले या प्रकारचे ‘आरएनए संपादन’ मानवी पेशींत होत नाही, म्हणून ते रोखणारे औषध रुग्णाला तुलनेने सुरक्षित ठरेल, अशी अपेक्षा असते.

चाचणीची एक पद्धत मला विशेष कौतुकास्पद वाटते. तिच्यात असा आरएनए वापरतात, की संपादन पूर्ण होताच तो दुसऱ्या एका आरएनएचा तुकडा कापू लागतो. त्या तुकड्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू जोडलेला असतो. तुकडा कापला गेला की दोन्ही टोके दुरावतात आणि प्रकाश वाढतो. प्रत्येक रसायन तबकडीवरील वेगळ्या छोट्या खळग्यात तपासतात; ज्या खळग्यातला प्रकाश वाढत नाही, तिथले रसायन पुढील तपासणीसाठी निवडतात.

मात्र खरी मेहनत यापुढेच आहे. रसायन स्वतःच प्रकाश शोषून घेत असेल, आरएनएला चिकटत असेल किंवा त्याच्या गुठळ्या प्रथिनांना अडकवत असतील, तरीही खळगा अंधाराच राहतो. म्हणून आधीच संपादित झालेला आरएनए देऊन तेच रसायन पुन्हा तपासतात. तेव्हाही प्रकाश दबला, तर संपादनावर परिणाम झाल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. गुठळ्यांचा संशय फेडण्यासाठी मिश्रणात थोडे डिटर्जंट घालून पाहतात. यातून तरलेले रसायन जिवंत परजीवींवर आणि सोबत मानवी पेशींवरही वापरून पाहावे लागते, कारण परजीवीच्या आत शिरता न येणारे किंवा आपल्याच पेशींना इजा करणारे रसायन औषध म्हणून निरुपयोगी असते.

उलट दिशेनेही यश मिळाले आहे. निद्रारोगावर एकदाच घ्यायचे अकोझिबोरोल हे औषध ज्या रसायनगटातून पुढे आले, त्याची निवड थेट जिवंत परजीवींवरील परिणाम पाहून झाली होती. ते आरएनएचे टोक कापणाऱ्या सीपीएसएफ३ या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) रोखते, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. हे विकर आपल्या पेशींतही असते. परंतु संगणकीय प्रतिरूपांनुसार मानवी विकराच्या खाचेत हा रेणू नीट बसत नाही.