निवृत्तीनंतर वाइनसाठी क्रूझ करावी का? केली तर समुद्राची की नदीची?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही दोघं नुकतेच निवृत्त झालात, नाशिकच्या वायनरी पाहून झाल्या, तुम्हाला वाइनची मनापासून आवड आहे, वहिनी मात्र जेमतेम घोटभर घेतात. आता परदेशी जायचं तर क्रूझने जावं की गाडी भाड्याने घेऊन वायनरी फिराव्यात?

माझं उत्तर स्पष्ट आहे. नदीची क्रूझ करा. पोर्तुगालमधल्या डोरो नदीची, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. आणि बोटीवरून उतरल्यावर तीन-चार दिवस स्वतःसाठी राखून ठेवा. समुद्राची क्रूझ वाइनसाठी करू नका.

समुद्रावरच्या मोठ्या बोटींचा अनुभव आम्हा उभयतांना आहे. आराम भरपूर, जेवणखाण उत्तम, रोज बॅगा भरायच्या नाहीत, आणि आपल्या वयात हे सुख लहान नाही. पण द्राक्षमळे बंदरावर नसतात. इटलीत बोट लिव्होर्नोला लागते आणि वाइनसाठी नावाजलेल्या कियांती भागातले मळे तिथून बसने दीड-दोन तासांवर. सकाळी उतरायचं, संध्याकाळी बोट सुटायच्या आत परतायचं. त्यातले तीन-चार तास रस्त्यात जातात. उरलेल्या वेळात मोठ्या घोळक्यात एक वायनरी, तीन-चार ग्लास आणि शेवटी दुकान. ज्याने वाइन केली तो माणूस भेटतच नाही. शिवाय बंदरात घेतलेल्या बाटल्या बहुतेक मोठ्या बोटींवर चढतानाच जमा करून घेतात आणि प्रवास संपल्यावर हातात देतात.

गाडीचं म्हणाल, तर चाखायला निघालेल्या माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये. पोर्तुगालमध्ये लिटरभर रक्तात 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि डोरोच्या खोऱ्यातले रस्ते म्हणजे वळणावर वळण असलेले घाट. वहिनी गाडी चालवणार असतील, तर त्यांची सगळी सहल वळणं सांभाळण्यात जाईल.

आता डोरोच का, ते सांगतो. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे पाण्याविषयी जरा जास्त लिहिलं तर समजून घ्या. नदीच्या मुखाजवळच्या पोर्तो शहरापासून स्पेनच्या हद्दीपर्यंत नदीचा बोटीजोगा भाग सुमारे 210 किलोमीटरचा आहे. वाटेत पाच धरणं आणि प्रत्येकाला बोटींसाठी लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारी दोन दरवाजांची कोठी. त्यातलं कारापातेलोचं लॉक बोटीला तब्बल 35 मीटर उचलतं, म्हणजे दहा-अकरा मजल्यांची इमारत. लॉकची रुंदी 12 मीटरच्या आसपास, बोट साडेअकराच्या जवळपास. आत शिरताना कठड्याला उभं राहिलं की ओली, शेवाळलेली काँक्रीटची भिंत हातभर अंतरावर असते आणि वर आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. मागे दरवाजा लागतो आणि वरच्या जलाशयाचं पाणी लॉकमध्ये येऊ लागतं. पंप नाही, काही नाही, नुसता पाण्याचा उतार. भिंतीवरची ओली रेघ खाली खाली सरकत जाते, ऊन आधी डोक्यावर आणि मग डेकवर येतं. वरच्या दरवाजातून बोट बाहेर पडते तेव्हा समोर वेगळीच दरी उघडलेली असते. मी प्रत्येक लॉकला डेकवर होतो, जेवण टाकून.

ही पाचही धरणं 1971 ते 1985 या काळात पुरी झाली. त्याआधी हीच नदी फार भयंकर होती. वरच्या खोऱ्यातली वाइनची पिंपं रबेलो नावाच्या सपाट बुडाच्या लाकडी होड्यांत घालून, खडकांमधल्या उसळत्या धारेतून पोर्तोला आणत. 1861 मध्ये व्हालेइरा इथे होडी उलटून जोसेफ फॉरेस्टर बुडाले. या नदीचा तपशीलवार नकाशा ज्यांनी काढला, तेच ते. सांगतात की कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी त्यांना तळाला नेलं, आणि त्याच होडीतल्या दोना अंतोनिया फेरेइरा घेरदार झग्यामुळे तरंगून वाचल्या. या बाई म्हणजे डोरोच्या इतिहासातलं फार मोठं नाव. वैधव्यानंतर त्यांनी मळ्यामागून मळे उभे केले. आज व्हालेइराला धरणाचं संथ पाणी आहे. डोरोवर प्रवासी बोटी रात्री चालत नाहीत, त्यामुळे ही सगळी दरी तुम्हाला दिवसाउजेडी बघायला मिळते.

जमीन बघाल तर म्हणाल, इथे काय पिकणार! शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक, त्याला चिरा पाडून, फोडून केलेली माती, आणि उतार एवढा की जुने मळे दगडी गडग्यांवर बांधलेल्या पायऱ्यांवरच उभे आहेत. स्पेनच्या बाजूला पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपला माणदेशच. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. वेलीची मुळं खडकाच्या चिरांतून खोल जाऊन ओल शोधतात, घड लहान राहतात, मणी बारीक आणि सालीला जाड, आणि वाइनचा रंग, तुरटपणा, गंध बहुतेक त्या सालीतच असतं. 1756 मध्ये पोर्तुगालचे मुख्य मंत्री मार्किश द पोंबाल यांनी या खोऱ्याची हद्द ग्रॅनाइटचे खांब पुरून आखली. कायद्याने आखलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वाइन-प्रदेशांपैकी हा एक. 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

इथल्या मळ्याला किंता म्हणतात. बोटीच्या कार्यक्रमात एक-दोन किंता असतातच, पण मी स्वतःचे दिवस ठेवा म्हणतोय ते यासाठी की खरी भेट त्या दिवसांत होते. पिन्याओ या गावी मुक्काम करा. आधी ईमेल करून एखाद्या लहान किंताची वेळ घ्या, दिवसाला एकच. दोन केल्यात तर दुसऱ्या ठिकाणची चव लक्षात राहत नाही.

आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. माझी सासुरवाडी निफाडची, घरात थॉमसनचे मांडव, त्यामुळे मला द्राक्ष काही नवीन नाही. तरी तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी तोरिगा नासियोनाल या तिथल्या द्राक्षाच्या जातीचा एक मणी हातावर ठेवला आणि म्हणाले, बी चावून बघा. बी तपकिरी, कुरकुरीत, भाजलेल्या दाण्यासारखं लागलं की तोडायचं. हिरवट आणि कडू लागलं की थांबायचं. साखर मोजायचं यंत्र त्यांच्या खिशात होतंच, पण निर्णय दाताने. मग मी त्यांना आपल्याकडची गोष्ट सांगितली: नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लागते आणि तोडणी जानेवारी ते मार्च. त्यांच्याकडे थंडीत पानं गळतात, वेल विश्रांती घेतो आणि छाटणी एकदाच. ते गृहस्थ हातातलं काम सोडून बराच वेळ विचारत बसले. आमचं पोर्तुगीज शून्य, त्यांचं इंग्रजी बेताचं. वेलीवरच्या काडीकडे बोट दाखवून सगळं भागलं. म्हणून म्हणतो, जाण्याआधी फेब्रुवारीत एकदा पुन्हा नाशिकला जा, आणि या वेळी टेस्टिंग रूममध्ये न बसता तोडणी बघा, एखाद्या बागायतदाराशी बोला. तिकडे विचारायला तुमच्याकडे प्रश्न असतील.

संध्याकाळी लागार पाहिला. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा उथळ, चौकोनी हौद. त्यात गुडघ्याच्या वर द्राक्षं, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोन रांगांत समोरासमोर उभी. एक जण ताल धरतो आणि सगळे एकदम पाय उचलतात, एकदम टाकतात. हे पाहुण्यांसाठी रचलेलं नाटक नाही, काही उत्तम पोर्ट, म्हणजे डोरोची गोड, कडक वाइन, आजही अशीच होते, आणि त्यामागे नेमकं कारण आहे. पोर्टचं किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचं अल्कोहोल करणं, दोन-तीन दिवसांतच थांबवायचं असतं, म्हणजे सालीतला रंग आणि गाभा काढायला वेळ फार थोडा. पायाने साल छान चुरडली जाते, पण बी फुटत नाही, आणि बी फुटलं की वाइनमध्ये कडवटपणा येतो. निम्मी-अधिक साखर शिल्लक असतानाच त्यात 77 टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, गोडी राहते. तयार पोर्टमध्ये अल्कोहोल 19 ते 22 टक्के. गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त गोड लाल वाइन आपण सगळ्यांनी कधी ना कधी घेतलेली असते, तिच्यावरून या वाइनबद्दल मत बनवू नका. तिचा डोरोशी संबंध नाही. आणि डोरोत पोर्टच होते असंही नाही. त्याच द्राक्षांची साधी, कोरडी रेड वाइन आता फार चांगली होते आणि बोटीवर दोन्ही जेवणांना बहुधा तीच मिळते.

वहिनींची काळजी करू नका. आमच्या हिला वाइनची चव फारशी रुचत नाही, पण हा प्रवास तिला माझ्याइतकाच आवडला. पिन्याओच्या रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. ती तिथे तासभर रमली होती. किंतांमध्ये ऑलिव्हची, बदामाची झाडं असतात, घरचं ऑलिव्ह तेल आणि ताजा पाव समोर येतो. शाकाहारी असाल तर बोटीला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, कारण तिथे भाजीच्या सूपमध्येही सॉसेजची चकती टाकायची पद्धत आहे.

तब्येतीचं स्पष्ट लिहितो. पोर्टमध्ये लिटरला साधारण 100 ग्रॅम साखर असते. मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलूनच निघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी घेतलेल्या अल्कोहोलने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. चाखलेली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. तिथले जाणकारही तेच करतात, कुणालाही वावगं वाटत नाही. पायऱ्यांच्या मळ्यात सुटे दगड असतात, तेव्हा पकड असलेले बूट आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण बीपी-शुगर त्यात नीट नोंदवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; सप्टेंबरसाठी लवकर करा.

एवढी बोट खिशाला जड वाटत असेल, आणि ती स्वस्त नाहीच, तर दुसरा मार्ग आहे आणि तो मुळीच कमी प्रतीचा नाही. पोर्तोहून पिन्याओला रेल्वे जाते, सुमारे अडीच तास, आणि निम्मा रस्ता अगदी नदीकाठाने. जाताना उजव्या खिडकीशी बसा. 65 वर्षं पूर्ण असतील तर पासपोर्ट दाखवून तिकीट निम्म्यात मिळतं. पिन्याओहून तासा-दोन तासांच्या फेऱ्या मारणाऱ्या रबेलो आहेत. लॉक बघायचं असेल तर पोर्तो ते वाटेतलं रेग्वा गाव अशी दिवसभराची बोट आणि परत रेल्वे, असंही होतं.

शेवटचे दिवस विला नोव्हा द गायाला द्या, पोर्तोच्या समोरच्या काठावर. शतकानुशतकं पोर्ट इथेच मुरायला आणत, कारण समुद्राजवळची हवा थंड आणि दमट. 1986 पर्यंत तर पोर्टची निर्यात इथूनच करावी लागे. मळेवाल्यांना थेट परदेशी विकायची मुभा त्यानंतर मिळाली. कोठारात शिरलात की ओल्या लाकडाचा आणि अक्रोडाचा वास येतो. तिथे 10, 20 आणि 40 वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट, एकापाठोपाठ एक घ्या, लहान लहान घोट. लाल रंग तपकिरीकडे, मग कडेला हिरवट छटेकडे कसा जातो ते ग्लास पांढऱ्या कागदावर धरून बघा. माझ्या मते 20 वर्षांची सगळ्यात चांगली. तिच्यात फळही असतं आणि सुकामेवाही.

आणायचीही तीच. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. टॉनी उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर तरी नीट राहते, म्हणजे दोघांच्या घरात रोज जेवणानंतर थोडी थोडी पुरते. विंटेज पोर्ट, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची आणि बाटलीत मुरणारी, उदाहरणार्थ 2011 सालची, मिळाली तर एक जरूर घ्या, पण ती उघडली की दोन दिवसांत संपवावी लागते आणि गाळूनच ओतावी लागते. तिच्यासाठी चार-सहा पाहुणे आधी ठरवा.