शिबिरातून परत पाठवलेला मुलगा

"मावशी, माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. सुट्टीतल्या मैदानी शिबिरातून त्याला दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. शिट्टी वाजली की कान झाकून किंचाळतो, रांगेत थांबत नाही, इतर मुलांना त्रास होतो, असं म्हणाले. सासूबाई म्हणतात, आता घरीच ठेव. काय करू?" (एक आई, पुणे)

घरी ठेवू नकोस गं. सासूबाईंची काळजी खोटी नाही, पण शाळेची घडी मोडली की या मुलांचं आधीच बिनसतं. त्यात दोन महिने चार भिंतींत काढणं त्याला फार जड जाईल.

शिट्टीचा आवाज त्याला खरोखर सहन होत नाही, तो हट्ट नाही. शिट्टीऐवजी रंगीत झेंडा दाखवायला शिबिरवाल्यांना कितीसा खर्च येणार आहे? रांगेत त्याला पहिला उभा करा, थकला की बसायला सावलीतला एक कोपरा ठरवून द्या. एवढं एका कागदावर लिही आणि मुलं नसताना प्रशिक्षकांना भेट. उपकार मागतेय असं मनात आणू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, खेळ-करमणुकीतला सहभागही आहे.

तोवर तळजाईची टेकडी आहेच. रविवारची गर्दी टाळून सकाळी साडेसहाला निघा. आदल्या रात्री वाटेचे फोटो क्रमाने दाखव: रिक्षा, चढ, झाड, पाण्याची बाटली, परत घर. पुढे काय होणार हे माहीत असलं की त्याची धास्ती पुष्कळ कमी होईल. सोबत शेजारचं एकच मूल घे. तीस मुलांत तो हरवतो, एकाबरोबर खेळेल. दोघांना मिळून बहाव्याच्या शेंगा गोळा करू देत. बोलणं झालं नाही तरी चालेल. अर्ध्या तासात, तो मजेत असतानाच परत फिरा.

तहान लागल्याचं काही मुलांना कळतच नाही, म्हणून तो मागेल याची वाट न पाहता पाणी देत राहा. चिडचिड आवरण्यासाठी रिस्पेरिडोनसारखं औषध चालू असेल तर उन्हाबद्दल डॉक्टरांना आधी विचार. आणि पाण्याबाबत मी फार कडक आहे. पोहताना यातली कितीतरी मुलं शांत होतात, पण हीच मुलं न सांगता पाण्याकडे धावतात. तलावापाशी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, आणि मुलाच्या खिशात तुझ्या फोन नंबरची चिठ्ठी.

शिबिरवाले तरीही नाही म्हणाले, तर कारण लेखी माग. दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते.