‘पडीत’ हृदय म्हणजे वाईट हृदय का?

प्रश्न नवापूरकडच्या एका ताईंचा आहे. उपवासकाळातल्या प्रवचनात त्यांनी ‘आपली पडीत जमीन नांगरा, काट्यांत पेरू नका’ हे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन (४:३) ऐकलं. त्या विचारतात, पडीत म्हणजे नापीक ना? मग नापीक हृदय नांगरून काय उगवणार? आणि ‘नांगरा’ऐवजी ‘मनाची मशागत करा’ म्हटलं तर चालेल का?

ताई, पडीत म्हणजे नापीक नव्हे. आपल्या अहिराणीत ‘वावर पडेल शे’ म्हणतात, तेव्हा कुणी वावराला नावं ठेवत नाही. यंदा त्यात कुणी औत घातलं नाही, एवढंच सांगतो. जे पिकतच नाही ते बरड, खडकाळ. सातबाऱ्यावर त्याला ‘पोटखराब’ म्हणतात. ‘पड’ची नोंद वेगळी असते, आणि तिच्यातही ‘चालू पड’ व ‘कायम पड’ असा फरक करतात. म्हणजे ‘पडीत’ या शब्दातच कबुली आहे, की जमीन कसदार आहे, माझीच आहे, आणि मीच ती टाकून दिली.

मूळ हिब्रू वचनात ‘नीरू लाखेम नीर’ असं आहे. क्रियापद आणि नाम एकाच धातूचे. (आपल्या पाण्याच्या ‘नीर’शी त्याचा काही संबंध नाही.) साध्या नांगरण्याला हिब्रूत ‘हाराश’ हा वेगळा शब्द आहे, होशेय या दुसऱ्या संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायात तो अकराव्या ओवीत येतो आणि लगेच बाराव्या ओवीत हा ‘नीर’. हा ‘नीर’ म्हणजे पडून राहिलेली जमीन फोडणं. आणि ‘लाखेम’ म्हणजे ‘तुमच्यासाठी’: शेजाऱ्याचं वावर नव्हे, स्वतःचं. यिर्मयाच्या पुढच्याच ओवीत हृदयाची सुंता करा असं येतं, त्यामुळे ही जमीन कुठली याबद्दल शंका उरत नाही. हिब्रूत ‘लेव’ म्हणजे हृदय, पण त्यात विचार आणि इच्छाही येतात. म्हणून मला तिथे ‘अंतःकरण’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

आता मशागत. हा शब्द अरबी ‘मशक्कत’वरून, म्हणजे कष्टावरून आला. शब्द सुंदर आहे, चुकीचाही नाही, पण फार मोकळा आहे. वखरपाळीही मशागतच. आपल्या काळ्या जमिनीत पूर्वी वखर दरवर्षी फिरे, नांगर मात्र तीन-चार वर्षांतून एकदा लागे. वखर वरचं तण कापतो. वावर स्वच्छ दिसतं. कुंदा आणि हराळी खालीच राहतात, पहिल्या पावसाला पुन्हा वर येतात. नांगर त्यांची मुळं उलथून उन्हात टाकतो. काट्यांत पेरू नका, ही ताकीद त्या मुळांची आहे. प्रार्थनेला बसण्याआधी दोन चुका आठवून मन साफ केलं, ही माझ्या मते वखरणी झाली. जुना राग, लपवलेलं खोटं, न केलेली क्षमा हे उपटायचं तर नांगरच हवा. म्हणून ‘नांगरा’ हाच शब्द राहू द्या.

होशेयाच्या त्याच ओवीत (१०:१२) पुढे पाऊसही आहे: परमेश्वर येऊन नीतिमत्त्वाची वृष्टी करीपर्यंत त्याला शोधा. पाऊस आपल्या हातचा नाही. पण नांगरट आपल्याकडे चैत्र-वैशाखातच उरकतात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना.