कुत्रीचं दुखणं कळेना, आणि पैसे संपत चाललेले

"पैसे नाहीत म्हणून मी तिला मरायला सोडतेय का?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. आजाराला नाव असलं की निदान खर्चाचा अंदाज तरी बांधता येतो. नावच नसेल तर खर्चाला शेवट दिसत नाही. मग एकेक तपासणी नाकारताना आपण तिचं आयुष्यच नाकारतोय असं माणसाला वाटू लागतं. अशाच एका बाईंची ही हकीकत. लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या आल्या झोपेची तक्रार घेऊन. एकटीच्या पगारावर घर, एक शाळकरी मुलगा. कामात चुका होऊ लागल्या होत्या, मुलावर विनाकारण ओरडणं होत होतं. घरात आणखी काही चाललंय का, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुत्री आजारी असते मधूनमधून. पण ते काही कारण नाही." एवढं बोलून रडायलाच लागल्या. जरा शांत झाल्यावर पहिलं वाक्य आलं ते हे: "मॅडम, लोक इथं केवढी दुःखं घेऊन येतात आणि मी कुत्र्यासाठी रडतेय."

ही लाज आधी बाजूला करावी लागते, नाहीतर पुढचं काहीच बोललं जात नाही. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी प्राण्याची काळजी घेणारे आणि निरोगी प्राणी पाळणारे यांची तुलना त्यात होती. आजारी प्राण्याच्या घरात ताण, चिंता आणि उदासी जास्त दिसली. घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांवर जे ओझं येतं, ते मोजायची पद्धत त्यांनी इथं वापरली होती. हे मी बाईंना सांगितलं. "म्हणजे हे खरंच असतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

कुत्री पाच वर्षांची. आठवडेच्या आठवडे ठणठणीत असायची. मग अचानक उलट्या, पातळ शी, खाण्याकडे पाठ, कोपऱ्यात पडून राहणं. सलाईन आणि इंजेक्शन दिलं की दोन दिवसांत पुन्हा उड्या मारायची. काही आठवड्यांनी तेच. डॉक्टर तीन झाले होते. दरवेळी नव्यानं सुरुवात, कारण जुने रिपोर्ट कुठल्या पिशवीत आहेत ते सापडत नसत. त्यामुळे त्याच रक्ततपासण्यांचे पैसे पुन्हा गेले. शेवटच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला सुचवलं. खर्चाचा आकडा बाईंच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. "विचार करून सांगते" म्हणून त्या बाहेर पडल्या आणि पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. रात्री मात्र कुत्रीजवळ बसून तिचा श्वास चालू आहे ना ते बघत राहायच्या. भरमसाट व्याजाचं कर्ज काढायचा विचारही डोक्यात घोळत होता.

मी विचारलं, "एवढं परवडणार नाही, हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले असते, परवडत नव्हतं तर पाळलंत कशाला."

असं कोणी डॉक्टर म्हणाले होते का? नाही. म्हणाला होता एक नातेवाईक, आणि ते वाक्य बाईंच्या मनात कायमचं घर करून बसलं होतं. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. पाच वर्षं जिचं खाणंपिणं, लसी, फिरणं, अंघोळी सगळं नीट झालं, तिला न कळणारं दुखणं झालं तर त्यात पाळणाऱ्याचा गुन्हा कोणता? असा आजार भल्याभल्या कमावत्या घरालाही जेरीस आणतो.

आमच्या भेटींतला सर्वांत जास्त वेळ गेला तो डॉक्टरांशी बोलायच्या दोन-तीन वाक्यांवर. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण पैशाची मर्यादा तोंडाने सांगणं हे बाईंना प्रेम कमी असल्याची कबुली दिल्यासारखं वाटत होतं. खरं तर मर्यादा कळली तरच डॉक्टर त्या मर्यादेत सर्वोत्तम काय ते निवडू शकतात. न सांगता निघून गेलं की कुत्रीला काहीच मिळत नाही. पशुवैद्यकातही हा विचार आता उघडपणे मांडला जातो: एकाच आजारासाठी साध्या उपचारापासून अत्याधुनिक उपचारापर्यंत योग्य मार्ग अनेक असतात, आणि घराची परिस्थिती बघून त्यातला निवडणं म्हणजे हयगय नव्हे. बाईंनी वाक्यं कागदावर लिहिली आणि माझ्यासमोर मोठ्यानं म्हणून पाहिली. "डॉक्टर, आत्ता माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. पुढच्या महिन्यात थोडे जमतील. यात आधी काय करावं?" पहिल्यांदा आवाज फुटेना. नंतर जमलं.

दुसरा प्रश्न मी त्यांना जोडून दिला, आणि तो मी सगळ्यांनाच देते: "या तपासणीत काही सापडलं तर तुम्ही काय कराल, आणि नाही सापडलं तर काय कराल?" दोन्ही उत्तरं सारखीच असतील तर ती तपासणी थोडी थांबू शकते का, हे विचारायला हरकत नसते.

त्या त्याच डॉक्टरांकडे परत गेल्या. यावेळी सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले आणि सोबत एक वही: कोणत्या दिवशी त्रास झाला, आदल्या दिवशी काय खाल्लं, घरात काय गडबड होती, उलटी कशी होती. जमलं तेव्हा मोबाइलवर व्हिडिओही. वहीला काही खर्च नसतो, पण येणाऱ्या-जाणाऱ्या आजारात तिचा उपयोग मोठा, कारण दवाखान्यात नेमकं कुत्रं शहाण्यासारखं उभं असतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पायऱ्या लावून दिल्या. आधी शीची तपासणी आणि जंतांचं औषध. मग रक्तातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची तपासणी. ॲडिसन नावाचा आजार, ज्यात शरीरात कॉर्टिसॉल पुरेसं तयार होत नाही, असाच येतो-जातो आणि सलाईननं तात्पुरता बरा वाटतो. विश्रांतीच्या वेळचं कॉर्टिसॉल 2 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर तो जवळपास बाद होतो. (अलीकडे स्टेरॉइड दिलेलं असेल तर या तपासणीवर भरवसा राहत नाही, म्हणून घरातलं उरलेलं औषध मनानं देऊ नये.) आकडा वर आला, ॲडिसन बाद झाला. तिसरी पायरी आहाराची: डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच खाणं, दुसरं काही म्हणजे काही नाही. आतड्याच्या जुनाट तक्रारींपैकी बऱ्याच केवळ आहार बदलल्यानं आटोक्यात येतात, आणि फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. एंडोस्कोपी त्यानंतरची पायरी ठरली. पहिल्यांदा निघून जाण्याऐवजी बोलल्या असत्या तर हे तेव्हाच कळलं असतं, असं त्या म्हणाल्या. मी तो विषय लांबवू दिला नाही. अपराधीपणाला आधीच पुरेसं खाद्य मिळालेलं होतं.

कुत्रीसाठीच्या पैशाचे आम्ही दोन भाग केले. दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि दुसरी वेगळी, तातडीशिवाय हात न लावायची. कर्जाचा विचार सोडला. यात मुलालाही घेतलं, कारण काही न सांगितल्यामुळे तो जास्त घाबरलेला होता. एकदा कुत्रीचं अंग गरम लागलं म्हणून त्यानं माणसांची पॅरासिटामॉलची गोळी हातात घेतली होती. सुदैवानं दिली नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. शिवाय कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे निरोगी कुत्रंही हाताला गरमच लागतं. हे कळल्यावर त्या घरातली निम्मी धावपळ थांबली.

रात्रीच्या पहाऱ्याचं काय करायचं? "काळजी करू नका" म्हणून काही होत नाही. झोपण्यापूर्वी एकदाच, कुत्री गाढ झोपली असताना, मिनिटभर श्वास मोजायचे. साधारण 30 च्या आत असतील तर आकडा वहीत लिहून दिवा बंद. काय दिसलं तर पैशाचा हिशेब न करता लगेच निघायचं, हेही डॉक्टरांकडून लिहून घेतलं: हिरड्या पांढुरक्या पडणं, श्वासाला त्रास, कोसळणं, पोट फुगून कोरडे उमासे येणं, लघवी अडणं, आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकणं. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं, हे कोणीतरी अधिकारानं सांगितल्यावर त्यांना झोप लागायला लागली.

एक अवघड प्रश्न त्यांनी बऱ्याच भेटींनंतर काढला. "कधीतरी उपचार थांबवावे लागले तर मी ते पैशामुळे थांबवले असं होईल ना?" मी उत्तर सोपं करून दिलं नाही. कधीकधी पैसाही त्या निर्णयात असतो, आणि तो असल्यामुळे निर्णय निर्दय ठरत नाही. प्राण्यांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या डॉ. ॲलिस व्हिलालोबॉस यांनी 2004 मध्ये आजारी प्राण्याच्या जगण्याची प्रत जोखायची सात मुद्द्यांची पद्धत मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. बाईंनी शेवटचा मुद्दा उचलला. महिनाअखेरीला मायलेकरं वही उघडून चांगले दिवस मोजू लागली. चांगले दिवस पुष्कळ होते; भीतीपोटी ते नजरेतून सुटत होते.

आजाराचं नेमकं नाव आजही कळलेलं नाही. नव्या आहारावर त्रास उशिरा-उशिरा होऊ लागला, सौम्य झाला, पूर्ण गेला नाही. एंडोस्कोपी अजून केलेली नाही. वजन उतरू लागलं किंवा त्रास पुन्हा लवकर-लवकर व्हायला लागला तर करायची, असं डॉक्टरांशी ठरलं आहे आणि त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतात. शेवटच्या भेटीत त्या बहुतेक वेळ नोकरीतल्या बदलीबद्दलच बोलत होत्या. पुढची वेळ आम्ही ठरवली नाही; गरज लागली तर फोन करायचा, एवढंच.